ठरले ते ठळक, उरले ते फिकट

ऑक्टोबर २०२३मध्ये पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिलींचा मिळून मध्य प्रदेशात नवा जिल्हा झाला. त्याआधी ऑगस्टमध्ये सौसरजवळच्या जामसावळीला हनुमान मंदिराच्या ‘श्री हनुमान लोक’ परिसराचे भूमिपूजन झाले होते, खर्चाचा आकडा ३१४ कोटी रुपयांचा. नवा जिल्हा म्हटला की कचेऱ्या येतात, त्यांच्यामागे निवासस्थाने, गाळे, मंगल कार्यालये आणि नागपूर रस्त्याच्या कडेने प्लॉट. यातल्या बहुतेक कामांत वीट येण्याआधी चित्र येते. घरमालक नकाशावर नजर टाकतो, पण मान हलवतो ती ‘थ्रीडी’ पाहून. मिस्त्रीही तेच चित्र मोबाइलवर मोठे करून खिडकीची पट्टी कशी काढायची ते ठरवतो.

हे चित्र आज बहुधा फोटोसारखे असते. चकचकीत काच, ओला रस्ता, संध्याकाळचे निळे आकाश, दारात परदेशी गाडी. याच्या उलट दिशेची एक धारा गेली तीस-पस्तीस वर्षे चालू आहे. संगणकावरच करायचे, पण हाताने जलरंगात किंवा शाईत काढल्यासारखे दिसेल असे करायचे. तिला इथे सोयीसाठी हातशैली म्हणू. ही नुसती जुन्याची हौस आहे, की तिचा खरा काही उपयोग आहे? आणि असलाच, तर पांढुर्णा-सौसरसारख्या गावांत तो कुठे? या लेखात त्याचा आढावा घेतला आहे.

हाताचा काळ

इमारत उभी राहण्याआधी ती रंगवून दाखवणे हा स्वतंत्र पेशा होता. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचा आराखडा फ्रेडरिक स्टीव्हन्सचा. पण १८७८मध्ये तो जलरंगात उतरवला ॲक्सेल हेग या चित्रकाराने. स्थानक पुरे व्हायला पुढे दहा वर्षे लागली. म्हणजे घुमट दगडात यायच्या कितीतरी आधी कागदावर उभा होता. १९१२मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नव्या राजधानीची, कॅनबेराची, स्पर्धा वॉल्टर बर्ली ग्रिफिनने जिंकली, त्यात पत्नी मॅरियन माहोनी हिच्या रेखाटनांचा वाटा फार मोठा होता. झाडांच्या फांद्यांआडून इमारत दाखवण्याची तिची पद्धत आजही गिरवली जाते. हे दांपत्य पुढे लखनौला आले आणि १९३७मध्ये वॉल्टरचे निधन तिथेच झाले.

अमेरिकेच्या ह्यू फेरिसचे उदाहरण आपल्या प्रश्नाला अधिक जवळचे आहे. न्यूयॉर्कच्या १९१६च्या बांधकाम नियमांत उंच इमारत नेमकी कशी बसेल हे त्याने १९२२मध्ये कोळशाच्या चार चित्रांत दाखवले. पहिल्या चित्रात कायद्याने मिळणारा निव्वळ ढीग, मग उजेडासाठी त्यात पाडलेल्या खाचा, मग पायऱ्या-पायऱ्यांचा आकार, शेवटी वापरण्याजोगी इमारत. खिडक्या, नक्षी, दारे यांना त्यात जागा नाही, कारण ती अजून ठरलेलीच नव्हती. कोळशाच्या धूसरपणाने ‘एवढेच ठरले आहे’ हे स्पष्ट सांगितले.

आपल्याकडे याचा सर्वांत मोठा दाखला बाळकृष्ण दोशी यांचा. १९२७मध्ये पुण्यात जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या आणि २०१८मध्ये वास्तुकलेचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळालेल्या दोशींनी आपल्या वास्तूंची चित्रे लघुचित्रांच्या वळणाने काढली. मध्य प्रदेशातल्याच इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीचे चित्र पाहा. त्यात एकच एक दृष्टिकोन नाही. काही घरे वरून दिसतात, काही समोरून. गल्ल्या, ओटे, झाडे, माणसे एकाच पटावर येतात. यामागे कारण होते. अरण्यमध्ये अनेक कुटुंबांना पूर्ण घर मिळणार नव्हते. प्लॉट, जोते, संडास-न्हाणी एवढे देऊन पुढचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे होते. नमुन्यादाखल ८० घरे तेवढी बांधून दाखवली. उरलेले घर कसे वाढेल हे आधीच कुणाला माहीत नसताना त्याचा फोटो कसा काढणार? रंगचित्रात मात्र ती शक्यता मावली. या वसाहतीला १९९५चा आगा खान पुरस्कार मिळाला.

संगणकाच्या दोन वाटा

संगणकाकडून हातशैली काढून घेण्याच्या दोन वाटा आहेत आणि दोन्हींचा उगम १९९०च्या संगणकीय चित्रणाच्या एकाच परिषदेत, सिग्राफमध्ये, सापडतो. पॉल हेबर्ली यांनी तयार चित्रावरून रंग उचलून त्याचे फटकारे मारण्याची रीत मांडली. फटकारा कुठे, केवढा, कोणत्या दिशेने, हे माणूस ठरवी. रंग मूळ चित्रातून येई. त्याच वर्षी जपानच्या साइतो आणि ताकाहाशी यांनी वेगळे सुचवले: त्रिमितीय मॉडेलमधून नुसता रंग न घेता प्रत्येक बिंदूचे अंतर आणि पृष्ठभागाची दिशाही साठवून ठेवा. मग कड कुठे संपते, मागचे काय, पुढचे काय, हे संगणकाला कळते आणि रेषा नेमक्या जागी काढता येतात.

पहिली वाट चित्राची, दुसरी मॉडेलच्या ज्ञानाची. आजच्या मोबाइल ॲपमधला ‘वॉटरकलर’ फिल्टर पहिल्या वाटेचा वंशज आहे, फक्त त्यातून माणसाचा हात काढून टाकला आहे. त्याला भिंत आणि आभाळ यांतला फरक माहीत नसतो. दोन्हींवर तो सारखेच डाग पाडतो. फिल्टरचे चित्र पहिल्या नजरेला गोड आणि दुसऱ्या नजरेला निर्जीव वाटते ते यामुळे.

दुसऱ्या वाटेवर १९९४मध्ये विंकनबाख आणि सेल्सिन यांनी शाईच्या रेखाटनांचे काम केले. त्यांनी वास्तुचित्रकारांची एक जुनी युक्ती संगणकात आणली. विटांची भिंत काढताना कसलेला हात सगळ्या विटा काढत नाही. कोपऱ्यात, खिडकीखाली चार-सहा काढतो आणि बाकीची भिंत मोकळी सोडतो. पाहणाऱ्याचा डोळा उरलेल्या विटा भरून घेतो. त्यांच्या प्रणालीत या तपशिलाच्या जागा माणसाने खुणेने दाखवायच्या होत्या. संगणकाला विटा काढता येत होत्या. कुठल्या सोडायच्या हे तेव्हाही माणसालाच सांगावे लागले.

१९९७मध्ये कॅसिडी कर्टिस आणि सहकाऱ्यांनी जलरंगाचे भौतिकशास्त्रच मांडले. कागदावरचे उथळ पाणी, कागदावर बसणारा आणि सुटणारा रंगकण, कागदाने शोषलेला ओलावा, असे तीन थर. त्यातून कडेला गडद होणारा रंग, मागे फिरलेल्या पाण्याचे डाग, कागदाच्या खळग्यांत बसणारे कण, हे सगळे गणिताने निघू लागले. वास्तुकलेच्या व्यवसायात या विचारांना जागा मिळाली ती केंब्रिज विद्यापीठाच्या मार्टिन सेंटरमध्ये जन्मलेल्या ‘पिरानेसी’ या सॉफ्टवेअरमुळे. त्याच्या फाइलमध्ये प्रत्येक बिंदूचा रंग, अंतर आणि साहित्य साठवलेले असे. त्यामुळे ब्रश खांबावरून फिरला तरी रंग खांबामागच्या भिंतीवर सांडत नसे, आणि झाड लांब ठेवले की आपोआप लहान होई.

आज हाताशी काय आहे

आजचे पर्याय चार गटांत पाहता येतात. पहिला, मॉडेलमधूनच रेखाटन देणारी साधने. २०००मध्ये आलेल्या स्केचअपमध्ये रेषा कंपित करण्याच्या, कोपऱ्यात थोड्या पुढे ओढण्याच्या शैली तयार मिळतात. ब्लेंडर मोफत आहे आणि २०१३पासून त्यात ‘फ्रीस्टाइल’ हे रेषा काढणारे अंग आहे. दुसरा गट हाताने रंगवण्याच्या साधनांचा: १९९१पासूनचा पेंटर, फोटोशॉप, आयपॅडवरचा प्रोक्रिएट आणि पूर्ण मोफत असलेला क्रिता. पाणी खरोखर वाहिल्यासारखे दाखवणारा रेबेलही इथेच येतो. तिसरा गट आपोआप रंगवणाऱ्या फिल्टरांचा. चौथा एआयचा.

लहान गावातल्या ड्राफ्ट्समनला किंवा नागपूरहून शिकून परतलेल्या मुलाला पैशाच्या दृष्टीने ब्लेंडर आणि क्रिता ही जोडी पुरते. एक साधा पेन टॅब्लेट आणि बरा संगणक, एवढ्यावर काम निघते. उणीव भासते ती चित्रकलेच्या सवयीची. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि शाईचे वॉश (पातळ पसरलेले थर) यांवर हात बसलेली पिढी मागे सरली. नव्या पिढीला आज्ञा पाठ आहेत, पण भिंतीच्या सावलीत रंग कोणता असतो हे पाहण्याचा सराव कमी आहे.

इथले ऊन, इथले साहित्य

तयार रेंडरमध्ये, म्हणजे संगणकाने मॉडेलवरून काढलेल्या चित्रात, सर्वांत आधी चुकते ते ऊन. पांढुर्णा साधारण २१.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अयनदिनी भरदुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीवर दोन फुटी छज्ज्याची सावली दोन फूट उतरते. जूनच्या अयनदिनी तो ८८ अंशांवर, तोही किंचित उत्तरेकडे. दक्षिणेची भिंत त्या वेळी उन्हातच नसते. मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यात तो नेमका डोक्यावर येतो. सॉफ्टवेअरमध्ये गावाचे स्थान आणि तारीख घालायला काही सेकंद लागतात, पण बहुतेक चित्रांत तयार सेटिंगचे तिरके, सोनेरी ऊन तसेच राहते. रंग कितीही हळुवार असले तरी अशा चित्रातले घर सातपुड्याच्या पायथ्याचे वाटत नाही.

दुसरी गोष्ट साहित्याची. इथला काळा दगड चित्रात काळा रंगवला की कोळशासारखा दिसतो. उन्हात तो निळसर राखाडी असतो, सावलीत तपकिरीकडे झुकतो. कवेलूंचे छप्पर एकरंगी लाल कधीच नसते. जुनी कवेलू काळवंडलेली, मध्येच बदललेली नवी, पावसाळ्यानंतर शेवाळलेली. चुन्याच्या भिंतीत निळीची छटा असते, खाली गेरूचा पट्टा असतो. सावलीतल्या चुन्यावर अंगणातल्या मुरमाचा तांबूस उजेड परततो. जलरंगात हे एका ओल्या वॉशमध्ये दोन रंग सोडून साधते. फोटोसारख्या रेंडरमध्ये त्यासाठी टेक्श्चर शोधत बसावे लागते आणि बाजारातल्या टेक्श्चरच्या साठ्यात कवेलू मिळणे कठीण. मिळतात ती बहुधा युरोपातली कौले.

तिसरी गोष्ट भोवतालाची. तयार साठ्यातली माणसे कोट घालून फिरतात आणि झाडे थंड प्रदेशातली असतात. संत्र्याची बाग, कडुनिंब, पळस, ओसरीतली बंगई, दारातली मोटारसायकल, मागचा कोठा, वाळत घातलेली लुगडी ही एकदा आपल्या हाताने काढून ठेवली तर वर्षानुवर्षे वापरता येतात. झाड आणि माणूस हाताने काढलेले असले की बाकीचे संगणकाचे कामही हाताचे वाटते, असा या क्षेत्रातला जुना अनुभव आहे.

चौथी गोष्ट गल्लीची. वीस फूट रस्त्यावर दुमजली घर असेल तर पाहणाऱ्याला मान वर करावी लागते. चित्रात मात्र ते साठ फुटांवरून पाहिल्यासारखे सरळ, सुटे उभे दिसते. म्हणजे कॅमेरा समोरच्याच्या बैठकीत शिरलेला असतो आणि शेजारची दोन्ही घरे, विजेचा खांब, नाली गायब असतात. हातशैलीत याला सभ्य तोड आहे. शेजार फिकट एकाच वॉशमध्ये सुचवायचा, आपले घर रंगात घ्यायचे. घर कशाच्या मध्ये उभे राहणार आहे हे त्यातून मालकाला कळते.

काम कसे बसते

कामाची रीत थोडक्यात अशी. मॉडेल साधेच करायचे. दाराची मूठ, नळाची तोटी यांची गरज नाही. एकाच दृश्याच्या पाच प्रती बाहेर काढायच्या: सपाट रंगांची, नुसत्या रेषांची, सावल्यांची, अंतराची आणि कोणते साहित्य कुठे आहे ते दाखवणारी. क्रितात किंवा फोटोशॉपमध्ये त्या एकावर एक ठेवायच्या. सावलीचा थर ‘मल्टिप्लाय’ या मिश्रणपद्धतीत, करड्याऐवजी निळसर-जांभळा. अंतराच्या थराने मागच्या वस्तू फिकट करायच्या. साहित्याच्या थराने निवड करून प्रत्येक भाग वेगळ्या ब्रशने रंगवायचा: भिंतीला रुंद, कवेलूला आडवा तुटक, झाडाला ठिपक्यांचा. रंग रेषेपर्यंत न नेता कुठे अलीकडे थांबवायचा, कुठे किंचित बाहेर जाऊ द्यायचा.

नेहमी होणाऱ्या चुकाही ठरलेल्या आहेत. सगळीकडे एकाच आकाराचा फटकारा. कागदाचा पोत इतका जोरकस की भिंत देवी आल्यासारखी दिसते. संपूर्ण चित्र कडेपर्यंत भरलेले, पांढरा कागद कुठेच नाही. आणि आकाराचा गोंधळ: ए-थ्री कागदावर ३०० डीपीआयने छापायला ४९६१ बाय ३५०८ बिंदू लागतात. १९२० बिंदू रुंदीच्या चित्रावर फिल्टर मारून तेच ए-थ्रीवर छापले की इंचाला सुमारे ११६च बिंदू उरतात आणि फटकारे फुगलेले, धुरकट दिसतात. छपाई मॅट कार्ट्रिज कागदावर हवी. चकचकीत कागदावर किंवा फ्लेक्सवर जलरंगाचा सारा परिणाम जातो.

एआयचे चित्र

२०१५मध्ये जर्मनीच्या ट्युबिंगनमधल्या गॅटिस, एकर आणि बेथगे यांनी एका चित्राची शैली दुसऱ्या चित्रावर चढवण्याची पद्धत दाखवली. २०२२मध्ये शब्दांवरून चित्र करणारी साधने सर्वांच्या हाती आली आणि २०२३च्या कंट्रोलनेट या तंत्रामुळे आपल्या रेखाटनाच्या चौकटीत राहून रंगवून घेणे शक्य झाले. आज एका मिनिटात जलरंगातले घर मिळते आणि ते फिल्टरपेक्षा पुष्कळ सरस असते. आभाळ, झाड, भिंत यांतला फरक या साधनाला कळतो.

त्याची अडचण दुसरी आहे. ते रिकामी जागा भरते. तीन खिडक्यांच्या चार करते, नसलेला खांब उभा करते, जिन्याच्या पायऱ्या हव्या तशा मोजते. शिकलेल्या चित्रांत विदर्भ-सातपुड्याची घरे थोडी असल्यामुळे ‘भारतीय घर’ म्हटले की राजस्थानी झरोका किंवा केरळी उतरते छप्पर आणून ठेवते. हयात चित्रकाराचे नाव देऊन त्याची शैली मागणे हाही त्यातला नैतिक घोळ आहेच. म्हणून एआयचे चित्र नकाशाशी ताडल्याशिवाय मालकापुढे ठेवू नये: खिडक्या मोजाव्यात, खांबांच्या जागा पाहाव्यात, जोत्याची उंची जुळवावी. वातावरणापुरते, झाडाआभाळापुरते ते वापरणे सर्वांत सुरक्षित.

चित्र की वचन?

हातशैलीच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा १९९६चा आहे. जर्मनीतल्या शूमान, श्ट्रोटहोटे आणि सहकाऱ्यांनी वास्तुविशारदांना व विद्यार्थ्यांना एकाच आराखड्याची वेगवेगळ्या पद्धतींची संगणकीय चित्रे दाखवली. कच्च्या आराखड्यासाठी त्यांचा कौल रेखाटनाकडे गेला आणि अंतिम सादरीकरणासाठी नेमक्या, पक्क्या चित्रांकडे. रेखाटन पाहून माणूस चर्चा करतो, बदल सुचवतो. पक्के चित्र पाहून तो फक्त हो किंवा नाही म्हणतो. हे लहान गावात अधिकच खरे आहे. फोटोसारखे चित्र पुढे आले की घरातली बाई स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला हवी होती हे म्हणायला संकोचते. सगळे ठरूनच गेले आहे असे तिला वाटते.

कायद्यालाही चित्राचे वजन माहीत आहे. स्थावर मालमत्ता नियमनाच्या २०१६च्या ‘रेरा’ कायद्याच्या कलम १२नुसार जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिकेतल्या खोट्या माहितीवर विसंबून ग्राहकाचे नुकसान झाले तर विकासकाला भरपाई द्यावी लागते. पण ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. आणि आपल्याच प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेतलेले घर हा मुळात विक्रीचा प्रकल्पच नसतो. पांढुर्णा-सौसरमधली बरीचशी घरे अशीच होतात. तिथे चित्र हाच तोंडी करार ठरतो आणि तो मोडला की भांडण ठेकेदार आणि मालक यांच्यातच राहते.

मात्र हातशैलीलाही आपले खोटे बोलता येते. जलरंगाच्या मऊ धुक्यात अरुंद जिना, अंधारी मधली खोली, पाण्याच्या टाकीचे वेडेवाकडे बोचके सहज लपते. चकचकीत चित्र खोटी श्रीमंती दाखवते, धूसर चित्र खोटा गोडवा. म्हणून शैलीवरून प्रामाणिकपणा ठरवता येत नाही. धूसरपणा कुठे ठेवला आहे, हे पाहावे लागते. जे अजून ठरले नाही तिथे तो असेल तर ते चित्र खरे. जे ठरले आहे पण दाखवायचे नाही तिथे असेल तर ती फसवणूक.

आपल्या गावांसाठी

इथली घरे एका हंगामात पुरी होत नाहीत. संत्र्याचा बहार साधला की स्लॅब पडतो, कापसाला भाव मिळाला की वरची खोली चढते. पुढच्या मजल्याच्या सळया आकाशाकडे तोंड करून वर्षानुवर्षे थांबतात. दोशींनी अरण्यमध्ये आखून दिलेली वाढ इथे लोक आपसूक करत आले आहेत. अशा घराचे एकच पूर्ण, फोटोसारखे चित्र म्हणजे कदाचित पंधरा वर्षांनंतरचे घर आज विकणे. त्याऐवजी एकाच मॉडेलमधून तीन रंगचित्रे निघू शकतात: यंदा बांधायचे ते पूर्ण रंगात, पुढच्या टप्प्याचे फिकट वॉशमध्ये, त्यानंतरचे नुसत्या रेषेत. ब्लेंडरमध्ये मॉडेल तयार असताना तिसऱ्या चित्राचा जादा वेळ फारसा नसतो, आणि पायाला किती वजन पेलायचे आहे हा प्रश्न पहिल्याच दिवशी टेबलावर येतो.

सार्वजनिक कामांना तर हे अधिकच लागू आहे. जामसावळीसारख्या ठिकाणी लोकांना पाहायचे असते ते शनिवारी आणि हनुमान जयंतीला गर्दी कुठून शिरेल, चपला कुठे निघतील, सावली कुठे असेल, पावसाचे पाणी कुठे जाईल. दिवे लावलेल्या कमानीच्या रात्रीच्या रेंडरमधून यातले काहीच कळत नाही. वरून पाहिलेले, माणसांनी भरलेले, दोशींच्या वळणाचे चित्र हे एका पानात सांगू शकते, आणि त्यावर गावातले लोक बोट ठेवून ‘इथे पाणी तुंबते’ असे म्हणू शकतात. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांची चित्रेही ठेकेदाराच्या निविदेआधी अशी फलकावर लागली तर हरकतींना काही अर्थ राहील.

एवढ्यासाठी नवे सॉफ्टवेअर यायची वाट पाहण्याचे कारण नाही. विटा कुठे सोडायच्या हे १९९४मध्ये माणसाला सांगावे लागत होते आणि एआयच्या काळातही ते त्यालाच सांगावे लागते. ड्राफ्ट्समनने चित्र द्यायच्या आधी मालकासमोर बसून काय पक्के आणि काय अजून मोकळे याची यादी करावी, रंगाची गडद-फिकट पातळी त्या यादीवरून ठरवावी आणि चित्राच्या कोपऱ्यात तारीख व टप्पा लिहावा. यादीतली प्रत्येक ओळ पक्की झाली की त्या दिवशी फोटोसारखे रेंडर काढायलाही हरकत नाही; तोवर मिस्त्रीच्या मोबाइलवर रंगचित्रच जावे.